चिन्हक-साहाय्यित पीकप्रजनन (खानदेश)

वनस्पतीच्या डीएनएमधील ओळखीच्या खुणा, म्हणजे रेणवीय चिन्हके अथवा मार्कर, पाहून संकरातून आलेल्या संततीतील हवी ती रोपे निवडण्याची पद्धत. चिन्हक स्वतः गुण घडवत नाही. गुण ठरवणाऱ्या जनुकाच्या लगत असल्याने दोघे बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे कोवळ्या पानातून डीएनए काढून, रोग येण्याची किंवा पीक पिकण्याची वाट न पाहता निवड करता येते. संकर परागीकरणानेच होतो, म्हणून ही पद्धत जनुकीय अभियांत्रिकीहून वेगळी मानतात. जनुकीय अभियांत्रिकीने आलेला बीटी कपाशीचा गुण एका वाणातून दुसऱ्यात उतरवतानाही चिन्हके उपयोगी पडतात. दोहोंची गल्लत होते ती यामुळे.

भुईमूग : या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘जेएल २४’ (फुले प्रगती) हा वाण दिला. परदेशातून आलेल्या बियाण्यातून निवडलेला हा लवकर येणारा उपटा वाण देशभर पसरला. मलावीत तो ‘काकोमा’ या नावाने प्रसारित झाला. तांबेरा व टिक्का हे पानांवरील रोग हे त्याचे उघडे दुबळेपण. तांबेऱ्याने पाने वाळली की शेंग भरत नाही आणि चाराही वाया जातो.

धारवाडच्या ‘जीपीबीडी ४’ या वाणात तांबेऱ्याला चांगला प्रतिकार आहे. त्याचे मूळ अरॅकिस कार्डेनासी या रानटी जातीत शोधले जाते. या प्रतिकाराशी निगडित असलेला गुणसूत्राचा एक मोठा प्रभावी भाग सापडल्यावर हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तो ‘जेएल २४’, ‘टीएजी २४’ आणि ‘आयसीजीव्ही ९१११४’ या तीन वाणांत उतरवला. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पद्धत बॅकक्रॉसची : दाता वाणाशी संकर करून आलेली संतती पुनःपुन्हा मूळ वाणाशीच जोडायची आणि दर पिढीत चिन्हक असलेली रोपे तेवढी ठेवायची. भुईमुगात हे सोपे नाही. आदल्या संध्याकाळी कळीतले परागकोश चिमट्याने काढून सकाळी पराग लावावा लागतो, आणि एवढे करून हाती शेंगा थोड्याच येतात. शिवाय लागवडीच्या भुईमुगात डीएनएचे वैविध्य अल्प, म्हणून फरक दाखवणारी चिन्हके मिळायलाच वर्षे गेली. शेतकऱ्याच्या ओळखीचा वाण न बदलता त्यातली एक उणीव भरून काढणे, हे या पद्धतीचे खरे बळ. ‘जेएल २४’ वरील कामाचे मोल त्यातच आहे.

तेलाच्या गुणवत्तेसाठीही हाच मार्ग वापरला गेला. ‘गिरनार ४’ व ‘गिरनार ५’ (२०२०) या वाणांत ओलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत असते; तेल व दाणे लवकर खवट होत नाहीत.

बाजरी : धुळे येथील कृषी महाविद्यालयात बाजरी संशोधन योजना असून ‘आदिशक्ती’ व ‘महाशक्ती’ हे संकरित वाण तेथील. ‘महाशक्ती’च्या दाण्यात दर किलोस सुमारे ८७ मिलिग्रॅम लोह आढळते. चिन्हकांच्या मदतीने गोसावी रोगास प्रतिकारक केलेला ‘एचएचबी ६७ सुधारित’ (२००५) हा वाण मात्र हिसारचा. भारतातील सार्वजनिक संशोधनातून शेतापर्यंत पोहोचलेल्या अशा पहिल्या वाणांत त्याची गणना होते.

केळी : लागवडीची केळी त्रिगुणित व बीजहीन असल्याने संकरास वाव कमी. चिन्हके मुख्यतः ऊतिसंवर्धित रोपांची एकरूपता तपासण्यासाठी.

मिरची : दोंडाईचा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) ही लाल मिरचीची बाजारपेठ. तिखटपणा असणे-नसणे ‘पन १’ या जनुकावर अवलंबून असून त्यावरील चिन्हकाने रोप तिखट होईल की नाही, हे रोपवाटिकेतच कळते. किती तिखट, हे मात्र अनेक जनुके व हवामान मिळून ठरवतात. वाळल्यावर टिकणारा लाल रंग आणि बोकड्या रोगाला प्रतिकार यांचीही तीच गुंतागुंत. व्यापारी भाव ठरवतो तो रंग व तिखटपणा पाहून. त्यामुळे एका जनुकाच्या चिन्हकाचा येथे उपयोग मर्यादित राहतो.