लय तुमची नाही, यंत्राची चुकते

घरी लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करायला शिकणारे बरेच जण आपले ट्रॅक मला ऐकवतात. त्यात एक तक्रार हटकून असते. ‘आधी तबला रेकॉर्ड केला, मग तो ऐकत गायलो, पण नंतर ऐकलं तर गाणं मागे पडलेलं. माझी लयच कच्ची दिसते.’ काहीजण एवढ्यावरून हा नादच सोडून देतात. म्हणून आज या मागे पडण्याचा इतिहास सांगतो. हे दुखणं लॅपटॉपपेक्षा खूप जुनं आहे.

१९४८ साली लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाची ‘लव्हर’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात गिटारचे आठ भाग आहेत आणि आठही त्यानं एकट्यानं वाजवले आहेत. तेव्हा त्याच्याकडे टेप नव्हती, तबकड्या होत्या. एक तबकडी लावायची, तिच्यासोबत वाजवायचं आणि दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे. मग दुसरीवरून तिसरी. प्रत्येक फेरीत जुना आवाज थोडा मळायचा, म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य सुरावट शेवटी. कोणता आवाज पुढे, कोणता मागे हे वाजवण्याआधीच ठरवावं लागे. मिक्सिंग म्हणतात ते हेच की!

पुढे बिंग क्रॉस्बीनं त्याला अँपेक्सचं टेप मशीन भेट दिलं. लेस पॉलनं त्यात एक जादा हेड बसवलं, टेप पुसणाऱ्या हेडच्याही आधी. जुना आवाज तिथं वाचला जाई, लगेच पुसला जाई आणि नव्या आवाजात मिसळून त्याच टेपवर पुन्हा उतरे. लय बरोबर जुळे, पण एक बोट चुकलं की आधीची सगळी मेहनत पुसली गेलेली असे.

यावर उघड उपाय म्हणजे प्रत्येक वाद्याला टेपवर स्वतंत्र पट्टी, म्हणजेच ट्रॅक. पण खरी मेख इथंच होती. टेप आधी रेकॉर्डिंगच्या हेडवरून जाते आणि मग ऐकवणाऱ्या हेडवरून. दोघांत २ इंचांचं अंतर धरा आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच. म्हणजे तुम्हाला जो ठेका ऐकू येतो तो रेकॉर्डिंगच्या हेडवरून सुमारे ०.१३ सेकंद आधीच पुढे गेलेला असतो. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल तर पाव मात्रेचा फरक. अगदी तालाचा पक्का माणूसही इथं मागेच पडणार.

अँपेक्सच्या रॉस स्नायडर यांनी सुचवलेली युक्ती साधी होती. जुने ट्रॅक ऐकायचे तेही रेकॉर्डिंगच्याच हेडमधून. आवाज थोडा बोथट येतो, पण साथीपुरता पुरतो, आणि अंतर शून्य होतं. या पद्धतीला ‘सेल-सिंक’ म्हणत. असं ८ ट्रॅकचं मशीन १९५७ मध्ये लेस पॉलकडे पोहोचलं, किंमत १० हजार डॉलर. माझ्या मते मल्टिट्रॅकचा खरा जन्म हा आहे. ट्रॅकची संख्या वाढणं ही त्यानंतरची गोष्ट.

आपल्याकडे मुंबईत त्या काळी फिल्मी गाण्यांचा मार्गच वेगळा होता. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र बसे, मूळचे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर प्रत्येकाचा भाग लिहून देत आणि गाणं एकदम रेकॉर्ड होई. उशीर तिथंही होताच. १० मीटर दूरच्या वाद्याचा आवाज कानी यायला सेकंदाचे सुमारे ३० सहस्रांश लागतात. पण वादकांचे डोळे कंडक्टरच्या हातावर असत. घरी हेडफोन लावून बसलेल्याला कोणाचा हात दिसणार?

आता लॅपटॉपकडे येऊ. तिथं टेप नाही, पण आवाज आत घेताना आणि बाहेर सोडताना सॉफ्टवेअर तो छोट्या साठ्यात भरून ठेवतं. त्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेत असाल आणि बफर १,०२४ चा असेल, तर एका साठ्यापायी २१ मिलिसेकंद जातात. बफर २५६ केलात तर पाचच. रेकॉर्ड करताना तो कमी ठेवा, मिक्सिंगला बसलात की वाढवा. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर तो सॉफ्टवेअरमधून न ऐकता थेट ऑडिओ इंटरफेसवरून ऐका.

एवढं करूनही रेकॉर्ड झालेला ट्रॅक मागे पडत असेल, तर मोजून पाहा. एका ट्रॅकवर ‘टक टक’ लावा, हेडफोन माइकला चिकटवा आणि तेच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही लहरी मोठ्या करून बघा. मधलं अंतर किती भरतं ते सॉफ्टवेअरच्या लेटन्सीच्या सेटिंगमध्ये भरा. ऑडॅसिटीत तिथं मुळातच उणे १३० मिलिसेकंद लिहिलेले असतात. वरच्या ०.१३ शी तो आकडा जुळतो हा निव्वळ योगायोग. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा येईल, तोच घाला आणि मग पुन्हा एकदा तबल्यावर गाऊन बघा.