चिडचिडेपणाच्या भाषांतरित प्रश्नावलीची वैधता तपासणी

परभाषेत तयार झालेली मानसशास्त्रीय प्रश्नावली मराठीत आणल्यानंतर ती मराठी भाषक रुग्णांतही तेच लक्षण मोजते की नाही, हे पुराव्यानिशी ठरविण्याच्या प्रक्रियेस वैधता तपासणी म्हणतात. चिडचिडेपणाच्या बाबतीत हे काम नाजूक असते. नैराश्य, उन्माद, चिंताविकार, स्मृतिभ्रंश अशा अनेक आजारांत हे लक्षण आढळते. परंतु घरचे लोक ते बहुधा स्वभावाच्या खाती टाकतात आणि उपचार लांबतो.

मूळ प्रश्नावल्या

ब्रिटनमधील आर. पी. स्नेथ व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये १८ प्रश्नांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात नैराश्य व चिंतेसोबत इतरांवर निघणारा आणि स्वतःवरच वळणारा असा दोन प्रकारचा चिडचिडेपणा स्वतंत्रपणे मोजला जातो. मुलांसाठी २०१२ मध्ये ७ प्रश्नांची, तर प्रौढांसाठी २०१५ मध्ये ५ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली पुढे आली.

शब्दांची निवड

मराठीत चिडचिड, वैताग, त्रागा, संताप, तापटपणा असे जवळचे शब्द असले, तरी ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तापटपणा हा कायमचा स्वभाव, तर वैताग बहुधा परिस्थितीचा. क्रियापद बदलले तरी मोजमाप बदलते. ‘राग येतो’ ही भावना झाली, ‘राग काढतो’ हे वर्तन. ‘राग गिळतो’ म्हणणारा रुग्ण स्नेथ यांच्या दुसऱ्या प्रकाराजवळ जातो, तर ‘राग धरतो’ यात अढी आली. ‘आपण चटकन प्रक्षुब्ध होता काय?’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य रुग्णाला अडवते. ‘तुम्ही क्षुल्लक कारणावरून वसकन ओरडता का?’ हे त्याला लगेच कळते. ‘मी चिडतो’ किंवा ‘मी चिडते’ असे लिंगभेदी रूप टाळण्यासाठीही ‘तुम्ही’ने सुरू होणारा प्रश्न सोयीचा ठरतो.

कार्यपद्धती

दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यांतून एक मसुदा ठरतो आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेली व्यक्ती त्याचे उलट भाषांतर करते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये या पद्धतीची मांडणी केली. उलट भाषांतर मुळाशी जुळले म्हणजे काम संपले असे मानण्याची चूक वारंवार होते. शब्दशः केलेले अवघड भाषांतर उलटे करणे तर अधिकच सोपे असते! म्हणून थोड्या रुग्णांना प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत विचारला जातो.

नंतर विश्वसनीयता पाहतात. प्रश्नांतील परस्परसंगतीसाठी क्रॉनबाख यांचा अल्फा गुणांक (१९५१) वापरतात. हा गुणांक उच्च असूनही सर्व प्रश्न मिळून केवळ तापटपणाच मोजत असण्याची शक्यता उरते. त्यामुळे प्रश्नावलीचे गुण मनोविकारतज्ज्ञाच्या स्वतंत्र मुलाखतीशी ताडून पाहणे अपरिहार्य असते.

महाराष्ट्र व गोवा

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासात येथील ५० वर्षांवरील व्यक्तींचा समावेश होता. त्यात काल्पनिक व्यक्तींच्या छोट्या हकिकती सांगून त्यांचा त्रास किती वाटतो हे विचारले गेले. त्यावरून उत्तर देणाऱ्याचा स्वतःचा मापदंड कळतो. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेतील रुग्णांवर पाच प्रश्नावल्यांची तुलना केली (२००८). हे दोन्ही अभ्यास चिडचिडेपणापुरते नव्हते, मात्र त्यांच्या पद्धती येथे उपयोगी पडतात.

भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर व दौंड तालुक्यांत अशी तपासणी करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. लिहितावाचता न येणाऱ्या रुग्णास प्रश्न वाचून दाखवताना नातेवाईक शेजारी असल्यास ‘घरच्यांवर ओरडता का?’ याचे उत्तर बदलू शकते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींतील परप्रांतीय कामगारांची मराठी शिकलेली असते. त्यांच्या उत्तरांचा पडताळा वेगळा घ्यावा लागतो.