हर्सूलची वाट आणि मनमाडची गाडी

हर्सूलच्या तलावाजवळून उत्तरेकडे जाणारा रस्ता हा एके काळी औरंगाबादचा राजमार्ग होता. दिल्ली दरवाजातून निघालेला मोगली लवाजमा याच वाटेने बऱ्हाणपुराकडे कूच करी आणि उत्तरेतून येणाऱ्या वाटसरूस नगरीची पहिली चाहूल हर्सूलच्या शिवारातच लागे. पुढे १९०० साली मनमाडहून लोहमार्ग येथवर आला, स्थानक शहराच्या दक्षिणेस उभे राहिले, आणि जवळजवळ तीन शतके उत्तराभिमुख असलेल्या या नगरीचे हर्सूल हे जे दार, तेच तिचे परसदार झाले.

हा मार्ग हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा. निजाम सरकारने व्याजाची हमी दिलेल्या विलायती कंपनीने मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत ३९१ मैल लोखंड अंथरले, पण खर्चाची काटकसर म्हणून रूळ घातले ते मीटरगेजचे. मनमाडास त्याला भेटणारा मुंबईचा मार्ग मात्र ब्रॉडगेजचा. त्यामुळे कोणती गाडी कोठवर चालवावी, हा प्रश्न कोणत्याही दप्तरात येण्यापूर्वीच दोन रुळांमधील अंतराने निकालात काढला होता. जालन्या-परभणीकडील कापसाचे गठ्ठे मनमाडास एका वाघिणीतून दुसरीत चढविले जात. उतारूही बोचकी सावरीत फलाट बदलीत, आणि मुंबईची गाडी चुकली म्हणजे तेथेच मुक्काम पडे. मुंबईच्या गाडीशी मेळ साधणे हेच या मार्गावरील वेळापत्रकाचे पहिले कर्तव्य. मराठवाड्याच्या गावांची सोय हे दुसरे.

१९३० साली निजाम सरकारने रेल्वे स्वतःच्या ताब्यात घेतली. पुढे अंमल बदलला, संस्थान विलीन झाले, मराठवाडा महाराष्ट्रात आला. तथापि १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली ती सिकंदराबादच्या मुख्यालयासह. प्रजेचे व्यवहार मुंबईशी आणि गाडीची मंजुरी सिकंदराबादेची, ही विसंगती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत जाचक गोष्ट वाटते. मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी रुंदीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे धसास लावला, तो केवळ वेगाच्या हौसेने नव्हे; रूळ रुंद झाल्यावाचून गाडी निवडण्याचा अधिकारच या भूमीस मिळणार नव्हता, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

१९९२ साली मनमाड-औरंगाबाद रुंदीकरण झाले आणि मनमाडास गाडी बदलल्यावाचून मुंबई गाठणे शक्य झाले. दिवसा तपोवन, रात्री देवगिरी, ही आज सवयीची झालेली निवड त्या रुंद रुळांचे फळ होय. २००३ साली नांदेड विभाग निर्माण झाला, दप्तर काहीसे जवळ आले. परंतु मार्ग एकेरी राहिल्याने प्रत्येक नव्या गाडीसाठी दुसरी कोणती तरी स्थानकावर थोपवून धरावी लागे. आणि पुण्याला रेल्वेने जाऊ म्हणणाऱ्यास आजही मनमाड-दौंड असा वळसा आहेच.

अजिंठ्याचे नाव मिरविणारी अजंता एक्सप्रेस मनमाड-सिकंदराबाद मार्गावर धावते, पण लेण्यांपासून कित्येक कोस दूर राहते. लेणी पाहू इच्छिणाऱ्याने स्थानकावर उतरून, शहर ओलांडून, हर्सूलच्याच रस्त्याला लागावे. २०२४ साली केंद्र सरकारने अजिंठ्याच्या बाजूने जाणाऱ्या १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव लोहमार्गास मंजुरी दिली, ही आनंदाचीच वार्ता. मात्र तो मार्ग जालन्याहून फुटणार असल्याने, बऱ्हाणपुरी वाटेवरचे हे जुने गाव याही वेळी रुळांपासून दूरच राहणार आहे.