तळटीप १७ : ‘बीजीआयवरचं घरचं टूलकिट’
१७. बीजीआय म्हणजे बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस. बोरलँड कंपनीने १९८७मध्ये टर्बो पास्कल ४.०सोबत आणलेली, पुढे टर्बो सीमध्येही दिलेली चित्रांकनाची लायब्ररी. तिच्यात रेषा, चौकोन, वर्तुळे काढणारी फंक्शने होती. बटण, मेनू, खिडकी यांतले काहीच नव्हते. ‘घरचं टूलकिट’ म्हणजे ही उणीव भरायला स्वतः लिहिलेला फंक्शनांचा संच. त्यात प्रत्येक बटणाचे एक स्ट्रक्चर असे : चौकोनाचे कोऑर्डिनेट, वरचा मजकूर आणि दाबल्यावर चालवायच्या फंक्शनचा पॉइंटर. एक लूप माउस ड्रायव्हरला (इंटरप्ट ३३एच) सतत बाणाची जागा विचारी आणि ती कोणत्या चौकोनात पडते ते पाही. मेनू उघडण्याआधी त्याखालचे चित्र ‘गेटइमेज’ने उचलून ठेवावे लागे, विसरले, की मेनू मिटल्यावर पडद्याला भोक पडलेच. बटण दाबल्याचा आभास मात्र जवळजवळ फुकट : उजळ आणि गडद कडांची अदलाबदल केली की झाले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘ग्राफिक्स अंडर सी’ याच वाटेवरचे पुस्तक. त्यांच्याच ‘लेट अस सी’ या पुस्तकाच्या गाजावाजात ते उगीच झाकले गेले.