आपल्या मातीतले गाणे : रेव्हरंड ना. वा. टिळक



डिसेंबर उजाडला की लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये जिम रीव्ह्ज ऐकू येतो. पूर्वी कॅसेटवर, आता मोबाईलवर. अमेरिकेचा हा कंट्री गायक १९६४ साली विमान अपघातात वारला, पण त्याची नाताळची गाणी आपल्या घरांत अजून तोंडपाठ आहेत. कंट्री म्युझिक म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातल्या कष्टकरी माणसांच्या चालींवर वाढलेले गाणे. गायनवृंदाच्या सरावात एका मुलाने मला विचारले, "टीचर, आपल्या मराठीत असा कोणी नाही का? स्वतः लिहिणारा आणि गावच्या चालीवर म्हणणारा?"

आहे ना. नारायण वामन टिळक.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, ब्राह्मण कुटुंबातला. आई लहानपणीच गेली. शिक्षण नाशिकला झाले. संस्कृतचा गाढा अभ्यास, कवितेची आवड, आणि पाय एका गावी न टिकणारा. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला. त्या प्रवाशाचे नावही टिळकांना ठाऊक नव्हते. आपण जंक्शनच्या गावची माणसे, डब्यातली ओळख स्टेशन आले की संपते हे आपण रोज पाहतो. ही ओळख मात्र जन्मभर पुरली. डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या पावलाची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत असून दुरावलेला, लोकांची बोलणी वेगळीच. त्या दिवसांचे दुःख त्यांनी 'स्मृतिचित्रे'त काही न लपवता लिहिले आहे. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला आणि मगच बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. तेव्हाच्या उपासनेत भाषांतरित गीते आणि विलायती चाली पुष्कळ होत्या. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर गीते रचून वाट पाडली होती. टिळकांनी त्या वाटेचा हमरस्ता केला. अभंग, भजन, कीर्तन हे सारे त्यांनी ख्रिस्ताच्या पायी वाहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. म्हणून त्यांनी प्रभूला माऊली म्हणून हाक मारली, तेव्हा ती हाक उसनी वाटली नाही.

यातले मर्म मला वर्गात कळते. मुलाला प्रश्न विचारला की ते खाली बघते. तेच उत्तर ध्रुपदात घालून चार वेळा म्हणून घेतले की आठवडाभर गुणगुणते. टाळांच्या ठेक्यावर एकाने ओळ म्हणायची आणि सर्वांनी उचलायची, यासाठी अक्षरओळख लागत नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. ख्रिस्ताचे अनुयायी भारतीय रीतीने एकत्र यावेत म्हणून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेले कोणी? एकेकाळी याच विश्वासापायी दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनी.

कोणी म्हणेल, टिळक तर प्रोटेस्टंट, आपला काय संबंध? आपल्याच शेजारच्या गोव्यात येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, तेही मराठी ओव्यांत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीताला मानाची जागा दिली. तेव्हा ही वाट आपलीही आहे.

आपली मुले घरी मराठी-कोकणी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात, मोबाईलवर इंग्रजी ऐकतात. ही सारी देवाची देणगीच. पण मराठी गीतांची पुस्तके कपाटात धूळ खात आहेत. मागे एका आजारी आजींना भेटायला आम्ही गेलो. त्या बोलत नव्हत्या, कोणाला ओळखत नव्हत्या. मुलांनी इंग्रजी गीत म्हटले. त्या तशाच पडून राहिल्या. मग एकीने जुने मराठी भजन धरले, आणि दुसऱ्या ओळीला आजींचे ओठ हलू लागले. आपल्या मुलांचे ओठ त्या वयात कोणत्या गाण्याला हलतील, हा विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही.

म्हणून यंदा आगमनकाळात दर रविवारी एक मराठी भजन घेऊ या. टाळ-ढोलकी काढा. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने गिटारही आणावी. जिम रीव्ह्जही घरात खुशाल वाजू दे.

हे प्रभू येशू, आमच्या आजी-आजोबांच्या ओठांवर तू ठेवलेले गाणे आमच्या लेकरांच्या ओठांवरही ठेव. आमेन.