फॉस्फेटचा हिशेब : पुण्याच्या सोनखतापासून प्रवाळाच्या टाकीपर्यंत

१/ समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेल्या पुण्यात, एखाद्या सदनिकेच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत समुद्र नांदतो आहे. आत खारे पाणी, रंगीत मासे, खडक, प्रवाळ. काही महिने सारे सुरळीत चालते. मग खडकांवर केसाळ हिरवे शेवाळ चढू लागते, प्रवाळ मिटून बसतात आणि चाचणीच्या नळीतले पाणी गडद निळे होते. निदान एकच : फॉस्फेट वाढले. या निळ्या रंगामागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात पुण्याचेही एक विस्मृत प्रकरण आहे. #थ्रेड

२/ आरंभ १६६९ सालचा, हॅम्बुर्गमधला. हेनिग ब्रांट नावाचा किमयागार सोन्याच्या शोधात मानवी मूत्र आटवीत बसला होता. सोने हाती लागले नाही. लागला तो अंधारात स्वतःच्या तेजाने उजळणारा पदार्थ, म्हणजे फॉस्फरस. जे मूलद्रव्य पुढे शेतीचा प्राण ठरले, ते प्रथम सापडले माणसाने टाकून दिलेल्या वस्तूत. पुढील साऱ्या कथेचे बीज याच योगायोगात आहे.

३/ या मूलद्रव्याचा एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. नायट्रोजन वायुरूपाने हवेत निसटू शकतो; फॉस्फरसला ती वाट जवळजवळ नाहीच. तो खडकात, मातीत, पाण्यात आणि सजीवांच्या देहात फिरत राहतो. म्हणून बंदिस्त जागेत आलेला फॉस्फरस कोणीतरी उचलून बाहेर नेईपर्यंत तिथेच साचतो. ती जागा धरणाचा जलाशय असो वा दोनशे लिटरची टाकी, नियम एकच.

४/ आता पुणे. १८७०च्या दशकात खडकवासल्याचे धरण आणि मुठेचे कालवे उभे राहिले आणि शहराच्या पूर्वेला उसाचे मळे फुलू लागले. ऊस हे खादाड पीक. त्याला खत हवे. त्याच काळात पुणे नगरपालिका शहराचा मैला राखेत मिसळून, उन्हात वाळवून त्याचे कोरडे खत करीत असे. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘पुड्रेट’ म्हणत. मराठीत त्याचे नाव सोनखत. आरंभी शेतकरी त्याला शिवण्यास कचरत. उसावरचा परिणाम दिसल्यावर मागणी वाढली आणि नगरपालिकेला त्यातून उत्पन्न मिळू लागले.

५/ या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. मैला उचलणे, वाहणे आणि वाळवणे ही कामे ज्यांच्या माथी जातिव्यवस्थेने जन्मतःच मारली होती, त्यांच्या श्रमांवर हे खत तयार होत असे. हिशेबाच्या वह्यांत खताची किंमत सापडते. त्या हातांची नावे सापडत नाहीत. शहर स्वच्छ होत होते आणि मळे पिकत होते, पण त्याचे मोल भलत्यांनीच मोजले.

६/ रसायनाच्या दृष्टीने मात्र तिथे एक वर्तुळ पूर्ण होत होते. शेतातला फॉस्फरस धान्य-भाजीतून शहरात येई आणि सोनखतातून पुन्हा शेतात जाई. विसाव्या शतकात भुयारी गटारे आली. मैला माणसाच्या डोक्यावरून उतरला, ही निःसंशय मोठी सुधारणा होती. परंतु त्याबरोबर फॉस्फरसची वाटही बदलली. शेताकडे जाणारा मोठा भाग आता नदीकडे वळला.

७/ युरोपात याच सुमारास उलटी घाई चालली होती. १८४२ मध्ये जॉन बेनेट लॉज यांनी इंग्लंडमध्ये सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि हाडांना बाजारभाव आला. हिंदुस्थानातूनही जनावरांची हाडे जहाजे भरभरून परदेशी जाऊ लागली. येथील शेतीची पाहणी करून १८९३ मध्ये अहवाल प्रसिद्ध करणारे कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी या निर्यातीची दखल घेतली आणि पुण्याच्या सोनखताचीही.

८/ मग पाळी आली प्रवाळ बेटांची. सिडनीतील एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला ठेवलेला दगड अल्बर्ट एलिस याने तपासला, तेव्हा तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट खडक निघाला. दगड आला होता प्रशांत महासागरातील नाउरू बेटावरून. १९०७ पासून तेथे खाणकाम सुरू झाले आणि शतकभरात त्या चिमुकल्या बेटाचा बहुतेक अंतर्भाग खरवडून निघाला. जगाच्या शेतांना खत मिळाले. नाउरूवासीयांच्या वाट्याला उघडे पडलेले चुनखडीचे सुळके आले.

९/ विपुलतेचे दुष्परिणाम दिसायला वेळ लागला नाही. खते, सांडपाणी आणि फॉस्फेटयुक्त धुलाई पावडरी यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका-युरोपातली तळी हिरवी पडू लागली. दोषी कोण, यावर उद्योग आणि शास्त्रज्ञ यांच्यात वाद माजला. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ‘२२६’ क्रमांकाच्या तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे सोडले. फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून टिपलेल्या त्या छायाचित्राने वादाचा निकाल लावला.

१०/ आपल्याकडे असा पडदा लावण्याची गरजच उरली नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी जलाशयात पोहोचते. जलपर्णीचे गालिचे आणि शेवाळाने हिरवट झालेले पाणी भीमाकाठच्या लोकांना नवे नाही. पुणेकराच्या ताटातून निघालेला फॉस्फरस एकेकाळी मांजरी-हडपसरच्या वाटेने उसाच्या मुळांशी जाई. आज तो धरणात साचतो.

११/ प्रवाळ या कथेत येतात ते गरीब पाण्याचे रहिवासी म्हणून. उष्ण कटिबंधातील निळाशार समुद्र पोषकद्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंट असतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशातून अन्न तयार करतात, प्रवाळ त्यांना आसरा आणि आपली उत्सर्जित द्रव्ये पुरवितो. तुटपुंजी पुंजी दोघे हातोहात फिरवितात. काटकसरीवर उभ्या राहिलेल्या या संसारात अचानक आलेली श्रीमंती पचत नाही.

१२/ हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात हे मोठ्या प्रमाणावर घडले. वर्षानुवर्षे तेथे सांडपाणी सोडले जात होते. बुडबुड्यांसारख्या हिरव्या शेवाळाने प्रवाळांना गुदमरून टाकले. १९७७-७८ मध्ये सांडपाण्याचे मुख्य प्रवाह उपसागराबाहेर, खोल समुद्राकडे वळविण्यात आले. त्यानंतर पाणी निवळू लागले, शेवाळ हटू लागले आणि प्रवाळ पुन्हा वाढीस लागले. आवक थांबविणे हाच पहिला उपाय, हे त्यातून दिसले.

१३/ फॉस्फेटची इजा दुहेरी असते. एक तर ते शेवाळाला बळ देते. दुसरे म्हणजे ते चुनखडीच्या स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांची वाढ रोखते. केनेथ सिम्किस यांनी १९६४ मध्येच फॉस्फेटला ‘स्फटिकांचे विष’ ठरविले होते. ज्या जीवाचा सांगाडाच चुनखडीचा, त्याच्यासाठी हा आघात घराच्या भिंतीवरचा आहे.

१४/ काचेच्या टाकीचा इतिहासही समांतर चालला आहे. १८५०च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, वनस्पती आणि गोगलगाई यांचा समतोल साधून पाणी टिकवून दाखविले. १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्याच्या दाराशीच समुद्र होता. पुण्याच्या हौशी माणसाला मात्र मीठ विकत आणून समुद्र कालवावा लागतो. भरती-ओहोटी नसलेल्या त्या समुद्रात फॉस्फेट येण्याच्या वाटा अनेक, जाण्याच्या फार थोड्या.

१५/ ते येते कोठून? मुख्यतः माशांच्या अन्नातून. गोठवलेल्या खाद्याचे वितळलेले पाणी तसेच टाकीत ओतले जाते, उरलेला चारा तळाशी कुजतो. काही वेळा नळाच्या पाण्यातूनही येते. म्हणून मीठ कालवण्यासाठी आरओ आणि आयनविरहित केलेले पाणी वापरतात. आणखी एक छुपा साठा म्हणजे खडक. चुनखडीचे खडक फॉस्फेट शोषून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण घटताच ते परत सोडतात. त्यामुळे नुसते पाणी बदलून आकडा आठवडाभरात पूर्वपदावर येतो आणि मालक हताश होतो.

१६/ चाचणीतला निळा रंग मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये सिद्ध केलेल्या मॉलिब्डेट पद्धतीचा वारसा आहे. प्रवाळाच्या टाकीत साधारणतः लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट चालते. ते वाढल्यास आधी चारा कमी करावा, मग तळ स्वच्छ करून पाणी टप्प्याटप्प्याने बदलावे. फेस काढणारे यंत्र जैविक मळ कुजण्याआधीच उचलते. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेटला बांधून ठेवतात. लँथॅनम क्लोराइड ते साक्याच्या रूपात खाली बसविते. पण त्याची मात्रा अल्प आणि गाळणी बारीक हवी.

१७/ येथे घाई हा मोठा शत्रू. आकडा एका रात्रीत पाडला तर प्रवाळ त्या धक्क्यानेच मरू शकतात. शून्यही आदर्श नव्हे. साउदॅम्प्टनच्या यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखविले की नायट्रोजन मुबलक आणि फॉस्फरसची उपासमार अशा अवस्थेत प्रवाळ उष्णता आणि प्रखर प्रकाशाला अधिक लवकर बळी पडून पांढरे पडतात. जास्तीने गुदमरणारा जीव अभावानेही दगावतो.

१८/ टाकीपलीकडेही एक कर्तव्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राखाली कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे ‘आंग्रिया बँक’ हे प्रवाळक्षेत्र आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत. २००१ मध्ये भारताने प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. किनाऱ्यावरून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. टाकीतला जीव कोठून आला, याची कागदोपत्री खात्री करून घेणे हा या छंदाचा पहिला नियम असावा.

१९/ शेवटचा उपाय सर्वांत जुना आहे. अनेक जण मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या कप्प्यात मुद्दाम शेवाळ वाढवितात. ते फॉस्फेट शोषून फोफावते. दर पंधरवड्याला त्यातले मूठभर काढून घेतले की तेवढे फॉस्फेट कायमचे बाहेर पडते. हे शेवाळ गोड्या पाण्यात नीट धुऊन, मीठ काढून कंपोस्टात घालता येते आणि तेथून गच्चीवरच्या कुंडीत. दीडशे वर्षांपूर्वी मुठेच्या कालव्याकाठी जे वर्तुळ पूर्ण होत असे, ते एका सदनिकेत, कोणाच्याही माथी मैला न देता, पुन्हा जुळते.