विशालांगतेवरील औषधोपचाराचा इतिहास

पोष ग्रंथीतील बहुधा सौम्य अशा अर्बुदामुळे वृद्धी हॉर्मोन प्रमाणाबाहेर स्रवू लागले म्हणजे प्रौढ व्यक्तीचे हात, पावले, जबडा व नाक वाढत जातात. कालांतराने मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकारही जडतात. या विकारास विशालांगता म्हणतात. प्येर मारी या फ्रेंच वैद्यांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन करून त्यास नाव दिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच त्यावरील प्रमुख उपाय होते.

पहिले उपयुक्त औषध मिळाले ते धान्यावरील एका रोगाच्या अभ्यासातून. बाजरीवरील अरगट हा रोग बीड जिल्ह्यासारख्या बाजरी पिकविणाऱ्या प्रदेशास अपरिचित नाही. त्यात कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो व दाण्यांच्या जागी काळपट, कठीण गाठी येतात. त्या पिठात मिसळल्यास ओकाऱ्या, घेरी व ग्लानी येते. म्हणून पेरणीपूर्वी बी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या गाठी काढून टाकतात. यूरोपात राय या धान्यावर याच वंशातील दुसरी कवक-जाती वाढते. राय-अरगटातील एर्गोक्रिप्टीन या अल्कलॉइडात ब्रोमिनाचा अणू घालून बाझेल येथील सँडोझ कंपनीत ब्रोमोक्रिप्टीन तयार करण्यात आले.

निरोगी माणसात डोपामिनाच्या प्रभावाने वृद्धी हॉर्मोन वाढते. विशालांगतेच्या अनेक रुग्णांत मात्र ते घटते, असे इटलीतील संशोधकांना १९७२ मध्ये आढळले. ब्रोमोक्रिप्टीन डोपामिनासारखेच कार्य करीत असल्याने १९७४ पासून ते या विकारात वापरले जाऊ लागले. त्याने हॉर्मोनाची पातळी पूर्ववत होते, ती थोड्याच रुग्णांत. अरगटजन्यच असलेले कॅबर्गोलीन अधिक प्रभावी असून त्याच्या गोळ्या आठवड्यातून सामान्यतः दोनदा घेतल्या तरी पुरते; तथापि तेही मुख्यतः सौम्य विकारातच उपयोगी पडते.

दुसरी वाट १९७३ मध्ये खुली झाली. रॉझे गीय्माँ यांच्या प्रयोगशाळेत अधोथॅलॅमसातून वृद्धी हॉर्मोनास आवर घालणारे सोमॅटोस्टॅटिन वेगळे करण्यात आले. ते रक्तात काही मिनिटेच टिकते. म्हणून त्याच्या १४ ॲमिनो अम्लांच्या साखळीऐवजी ८ अम्लांचे, दीर्घकाळ टिकणारे ऑक्ट्रिओटाइड बनविण्यात आले. अमेरिकेत त्यास १९८८ मध्ये मान्यता मिळाली. आरंभी ते दिवसातून तीनदा टोचावे लागे. पुढे महिन्यातून एकदा द्यावयाचे रूप आले. पेग्विसोमंट (मान्यता २००३) हे हॉर्मोनाचा स्राव थांबवीत नाही, तर त्याचे ग्राही अडवून परिणाम रोखते.

औषधे प्रभावी होत गेली, तशी ती महागही झाली. ती बंद करताच हॉर्मोन बहुधा पुन्हा वाढते; म्हणजे खर्च वर्षानुवर्षांचा. यामुळे ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने नाकावाटे केलेल्या शस्त्रक्रियेचे प्रथम स्थान आजही अबाधित आहे. अर्बुद लहान असताना ती अधिक यशस्वी होते; परंतु विकृती इतकी सावकाश वाढते की, घरच्यांनाही ती जाणवत नाही. अंगठी बोटात न जाणे, वहाणेचे माप वाढणे, दातांत फटी पडणे या खुणा गावातील डॉक्टराने ओळखून रुग्णास आंबेजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात वा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या संस्थेत वेळीच पाठविले, तर पुष्कळांना या महागड्या औषधांची गरजच भासणार नाही.